मातृभाषा: मणिपुरी

अर्ज करणं वेगळं आणि मागणं वेगळं, असं माझं आजवरचं मत होतं. अर्जाला वर 'प्रति' असतं, खाली 'आपला विश्वासू' असतं, त्यावर आवक क्रमांक पडतो. त्यात कमीपणा नाही. मागण्याला यातलं काहीच नसतं. रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात हेडक्लार्क म्हणून मी इतकी वर्षं या मतावर सुखानं काढली. ते मत माझ्या बायकोनं, विनीतानं, एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता निकालात काढलं.

झालं असं, की आमच्या मुलीला, ज्ञानदाला, नवा रायपूरकडच्या एका खासगी कॉलेजात फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. बारावीचे गुण चांगले, म्हणून कॉलेजनं आपणहून पाव फी माफ केली. मला आनंद झाला. उरलेली पाऊण फी भरायची, तर माझ्या भविष्यनिर्वाह निधीतलं भविष्यही जाणार होतं आणि निर्वाहही. पण दिलेल्यावर आणखी मागायचं, हे काही मला सुचलं नव्हतं. नाहीच जमलं तर घराजवळच्या सरकारी कॉलेजात बीएससी होतंच. तसं मी ज्ञानदाला सुचवलंही. ती इतक्या पटकन 'ठीक है' म्हणाली, की ते ठीक नाही हे मलादेखील कळलं.

"त्यायनं पाव दिलं, म्हणजे त्यायच्याजवळ अजून आहे," विनीता म्हणाली. "जाऊन विचारा."

मी म्हणालो, कॉलेज म्हणजे गुढियारीचा भाजीबाजार नाही.

"भाजीवाला निदान तोंडानं नाही म्हणते. तुम्ही तर विचारायच्या आधीच नाही म्हणून राहिले."

आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. वरच्या मजल्यावरचे रामकृष्ण खापरेकाका लगेच खाली आले. ते मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेत आणि प्रत्येक प्रश्नाकडे मागच्या डब्यातून बघतात. फी कमी करून घ्यायची तर फाटका शर्ट घालून जावं, असं त्यांनी सुचवलं. लागलाच तर त्यांच्याकडे एक होता. समोरच्या घरातल्या मंजिरीवहिनींना हे पटलं नाही. त्या मूळच्या पुण्याच्या. यजमानांची इकडच्या एका संस्थेत बदली झाल्यामुळे दोन वर्षांपासून रायपुरात. याला मागणं म्हणत नाहीत, पुनर्विचाराचं निवेदन म्हणतात, आणि ते टाय लावून द्यावं, असं त्या म्हणाल्या. मी मधला मार्ग काढला. जुनाच शर्ट, पण इस्त्री करून.

कॉलेजात आर्थिक साहाय्याच्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंचं नाव निधी होतं. हा मी शुभशकुन मानला. मी घरून तीन पानी निवेदन लिहून नेलं होतं. त्यात माझा पगार, महागाई, विनीताचा थायरॉइड आणि देशातली फिजिओथेरपिस्टची टंचाई, असं सगळं क्रमानं आलं होतं. निधी मॅडमनी त्यातलं फक्त खालचं नाव वाचलं. उदय मोहरील.

"सर, आप मराठी हैं?"

मी हो म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक फाईल काढून तिच्यावरची धूळ पुसली. टेंभेकर नावाच्या एका घराण्यानं कॉलेजात एक शिष्यवृत्ती ठेवली होती. ही मंडळी पूर्वी रायपुरात होती, आता नागपुरात. शिष्यवृत्तीतून संपूर्ण कोर्सची निम्मी फी मिळत होती, तीही माफ झालेल्या पाव फीव्यतिरिक्त. पण बरीच वर्षं तिच्यासाठी कोणी अर्जच केला नव्हता, कारण माहितीपत्रकाच्या ज्या पानावर ती होती त्या पानापर्यंत कोणी पोहोचलं नव्हतं. अटी दोनच होत्या. विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा हवा, आणि टेंभेकरांच्या प्रतिनिधीशी विद्यार्थ्यानं मराठीत बोलायला हवं.

अटी ऐकून मी हसलो. इतक्या सोप्या अटी मी सरकारी नोकरीत कधी पाहिल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत माझं हसू गेलं होतं, कारण वाटेत मी ज्ञानदाचं मराठी वाक्य आठवून पाहिलं आणि एकही आठवलं नाही.

आमच्या घरी आम्ही दोघं मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देते. 'जेवली का?' 'हाँ, खा लिया.' हे इतकं सुरळीत चालतं, की त्यात दोन भाषा आहेत हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. तिचं नाव मी हौसेनं ज्ञानदा ठेवलं, पण इकडे 'ज्ञ'चा उच्चार 'ग्य' होतो. त्यामुळे शाळेत ती ग्यानदा, मैत्रिणींत ग्यानू, आणि एका मास्तरांच्या मते ज्ञानी. मराठीपणा नावापासूनच घसरलेला.

पण आधी पुरावा. मी तिच्या शाळेत गेलो. तिथल्या बाबूनं दाखल-खारिज रजिस्टर उघडलं. त्यात मुलांचं नाव, गाव, जन्मतारीख असं सगळं असतं. मातृभाषेच्या रकान्यात 'हिन्दी' लिहिलेलं होतं. तिच्याच नाही, पहिल्या ओळीत एकदा 'हिन्दी' लिहून खाली पानभर तीच खूण ओढलेली होती. तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, सगळी मुलं त्या एका खुणेखाली गुण्यागोविंदानं नांदत होती. बदलायचं असेल तर पुरावा आणा, असं बाबू म्हणाला. मी म्हटलं, पुरावाच तर न्यायला आलोय. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि रजिस्टर मिटलं.

माणसाची मातृभाषा कोणती, हे सिद्ध कसं करायचं, याचा मी त्याआधी विचार केला नव्हता. तहसीलमध्ये उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला मिळतो. भाषेचा मिळत नाही. शेवटी निधी मॅडमनी फोनवर सांगितलं, की प्रतिज्ञापत्र चालेल. म्हणून मी कचेरीत एका नोटरीसमोर जाऊन बसलो. टाइप करणाऱ्यानं भराभर मजकूर उतरवला: 'मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि मेरी तथा मेरी पुत्री की मातृभाषा मराठी है।' मराठी आपली मातृभाषा आहे, हे हिंदीत शपथेवर सांगताना मला थोडं चमत्कारिक वाटलं. पण त्याच्याकडे दुसरा नमुना नव्हता.

नोटरी वयस्क आणि सावध गृहस्थ होते. शिक्का उचलून त्यांनी तो हवेतच थांबवला आणि म्हणाले, "कुछ बोलकर दिखाइए."

जन्मभर जी भाषा बोललो तिच्यातलं एकही वाक्य मला त्या क्षणी आठवेना. मागे चार लोक रांगेत होते. अखेर मी म्हणालो, "लय गरमी होऊन राहिली."

नोटरींनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. "ये तो मुझे समझ में आ गया."

मराठी समजलीच नाही पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी आणखी दोन वाक्यं बोललो, तीही त्यांना समजली. रांगेतल्या एकानं मधे पडून सांगितलं, की ही मंडळी अशीच बोलतात, तेव्हा कुठे शिक्का खाली आला.

यापुढचं काम ऑनलाइन होतं. आमच्या गल्लीत शंकरचं चॉइस सेंटर आहे. रेशनकार्डापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळे अर्ज तोच भरून देतो. कामाचा उरक दांडगा. मी सगळं नीट समजावून सांगू लागलो, तर तो "हव भैया, हो जाही" म्हणाला, आणि खरंच माझा चहा संपायच्या आत फॉर्म भरून मोकळा झाला. त्या हुशारीचं कौतुक करत मी घरी आलो.

पुढच्या आठवड्यात मी कार्यालयात असताना निधी मॅडमचा फोन आला. त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "सर, मणिपुरी का हमारे पास कोई फंड नहीं है."

फॉर्ममध्ये भाषांची यादी उघडते, तिच्यात मराठीच्या बरोबर वर मणिपुरी असतं, आणि शंकरचं बोट एक घर आधी थांबलं होतं. मी मॅडमना सांगितलं, की आम्ही मणिपुरी नाही. त्या म्हणाल्या, पण तुम्ही तसं लिहिलंय. एकदा पाठवलेला फॉर्म दुरुस्त होत नाही. नवा भरता येत नाही, कारण जुना आत आहे. जुना बाद करता येईल, पण त्याला कारण लागेल. तेव्हा मी कारणासाठी स्वतंत्र अर्ज केला. 'विषय: आम्ही मणिपुरी नसल्याबाबत.' वर 'प्रति' होतं, खाली 'आपला विश्वासू' होतं, आवक क्रमांकही पडला. तरी कमीपणा वाटलाच.

तो अर्ज मंजूर होईपर्यंत आम्ही कागदोपत्री मणिपुरीच होतो. माझ्या बाजूचं फोनवरचं बोलणं कार्यालयात सगळ्यांनी ऐकलेलं. साहेबांनी तर मला बोलावून तिकडचं हवामान विचारलं. शंकरनं माफी मागितली आणि दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. विनीता म्हणाली, मणिपुरी म्हणून दुसरीकडे काही मिळत असलं तर पाहा, संधी सोडू नका.

या काळात ज्ञानदाची तयारी सुरू होती. घरात आजपासून फक्त मराठी बोलायचं, असा मी नियम काढला. त्याचा परिणाम म्हणून ती बोलायचीच बंद झाली. मीठ हवं असेल तर मिठाकडे बोट दाखवायची. खापरेकाका संध्याकाळी येऊन तिला वऱ्हाडी शिकवायचे, कारण खरी मराठी तीच, असं त्यांचं मत. शिकवून झालं की फी म्हणून आपले दोन्ही गुडघे तिच्यापुढे करायचे आणि कोणता व्यायाम करू म्हणून विचारायचे. ती अजून पहिल्या वर्षालाही बसलेली नाही, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

ते गेले की मंजिरीवहिनी यायच्या आणि काकांनी शिकवलेलं सगळं पुसून टाकायच्या. 'मले' नाही, 'मला'. 'करून राहिली' नाही, 'करते आहे'. मी मधे बोललो तर माझंही दुरुस्त व्हायचं. एकदा मी त्यांना म्हणालो, "वहिनी, तुम्ही आमच्या पोरीसाठी लय मेहनत घेऊन राहिल्या." त्यांनी माझं वाक्य मायेनं मोडून परत जोडलं आणि मला तीनदा म्हणायला लावलं. ज्ञानदासमोर. पन्नाशीच्या माणसाला आपण आजवर जे बोललो ते बोलीभाषेतच जमा होतं, असं समजलं की त्याला रात्रीचं जेवण कमी जातं. (ही हकीकत मी लिहितो आहे, लिहून राहिलो नाही, यावरून त्या शिकवणीचा परिणाम कुणावर झाला ते दिसेलच.)

"पोट्टीले बिघडवून राहिली ते पुण्याची बाई," असं खापरेकाका जिन्यात म्हणायचे. भिंती पातळ असल्यामुळे वहिनींना ते कळायचं, आणि त्या जिन्यातच 'ती' म्हणून दुरुस्ती करायच्या.

वहिनींनी ज्ञानदाला एक परिचय लिहून दिला आणि तिनं तो घोकला. त्यात फिजिओथेरपीला 'भौतिकोपचारशास्त्र' असा शब्द होता. ती तो शब्द म्हणायची तेव्हा पाय उचलून काहीतरी ओलांडल्यासारखी दिसायची. मी तिला वारंवार सांगायचो, की घाबरू नको, फक्त मराठीत बोल. बँकेच्या कर्जाबद्दल ती हिंदीत काही सांगू पाहत होती, तर मी म्हणालो, तू चूप राहा, मी बघतो.

अखेर फॉर्म दुरुस्त झाला, आम्ही पुन्हा मराठी झालो आणि मुलाखतीचा दिवस आला. स्कूटरवर मी पुढे, ज्ञानदा मागे. कॉलेजच्या फाटकापाशी मी गाडी थांबवून मागच्या टायरमध्ये हवा आहे ना ते पाहिलं. दोनदा पाहिलं. मग आत गेलो.

टेंभेकरांच्या प्रतिनिधी म्हणून शर्मिष्ठाताई आल्या होत्या, शिष्यवृत्ती ठेवणाऱ्यांची मुलगी. साठीच्या पुढच्या, सुती साडी, चष्मा दोरीला. शेजारी निधी मॅडम. मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली, न बोलण्याच्या अटीवर. शर्मिष्ठाताईंनी ज्ञानदाला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं.

"माझे नाव ज्ञानदा उदय मोहरील," ती भिंतीकडे बघत म्हणाली. 'ज्ञ' अगदी नीट आला. "मला बालपणापासून भौतिको..." इथे ती थांबली. पुन्हा 'भौतिको'पर्यंत आली आणि पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिनं सुरुवातच केली नाही. मी मागे बसून ओठांनी पुढचा शब्द दाखवत होतो, पण ती माझ्याकडे पाहायला तयार नव्हती. निम्मी फी मला डोळ्यांसमोर खिडकीतून बाहेर जाताना दिसली, आणि तिच्यामागे सरकारी कॉलेजातली बीएससी आत येताना.

शर्मिष्ठाताईंनी चष्मा काढला. "पाठ केलेलं राहू दे," त्या म्हणाल्या. "इथं येईपर्यंत घरी काय काय झालं, तेवढं सांग."

ज्ञानदानं एक मोठा श्वास घेतला.

"काय सांगू तुम्हाले," ती म्हणाली. "ह्या घरात कोणी कोणाचं ऐकते का?"

मी खुर्चीत सरळ झालो. हे वाक्य तिचं नव्हतं. ते शब्दाला शब्द विनीताचं होतं; सोबत उजवा हात उलटा करून झटकला गेला, तोही विनीताचाच.

"महिना झाला, बाबा उठले की फाईल, झोपले की फाईल. शाळेत गेले, कचेरीत गेले, आम्हाले मणिपुरी करून आले. वरचे काका म्हणते असं बोल, समोरच्या वहिनी म्हणते तसं बोल. मी म्हटलं, मले लोन घेऊ द्या, मी फेडीन, तर बाबा म्हणते तू चूप राय. चूप राय, अन् मराठीत बोल. दोन्ही एकदम कसं करायचं माणसानं?"

शर्मिष्ठाताईंनी ओठ मुडपून निधी मॅडमकडे पाहिलं. निधी मॅडमना अर्धं समजत होतं, पण तेवढंच त्यांना पुरत होतं. ज्ञानदा आता थांबायला तयार नव्हती. माझा नियम, मिठाकडे दाखवायचं बोट, काकांचे गुडघे, साहेबांनी विचारलेलं हवामान, सगळं निघालं. मला वाटायचं, आम्ही नवरा-बायको भांडतो तेव्हा पोरगी कानात वायर घालून मोबाइल बघत असते. तिनं एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. आमच्या वीस वर्षांच्या भांडणांतली निवडक वाक्यं ती योग्य जागी, योग्य सुरात वापरत होती.

मग तिचा आवाज उतरला.

"बाबाले मागायची लाज वाटते," ती म्हणाली. "आता गेटापाशी गाडी थांबवून टायर पाहत होते. टायरले काही नव्हतं झालं. मले माहीत आहे, माझ्यासाठीच करून राहिले ते. पण एकदा मले विचारायचं ना, की पोरी, तुले काय वाटते. मी सांगितलं असतं. मराठीतच सांगितलं असतं."

मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. एका बुटाची लेस सुटली होती. ती बांधायला मी खाली वाकलो आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेला राहिलो.

"आई कुठली तुझी?" शर्मिष्ठाताईंनी विचारलं.

"यवतमाळची."

"तरीच," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे ओढून सही केली. "शिष्यवृत्ती चालू आहे तोवर दर वर्षी मी भेटायला येणार, असा नियम आहे. पुढच्या वर्षी आईबद्दल सांग."

पुढे हे विनीताला कळलं तेव्हा ती पंधरा दिवस घरात फार मृदू बोलत होती. आपण शिकवलेली वऱ्हाडी कामाला आली, असं खापरेकाकांनी सगळ्या इमारतीला सांगितलं. मंजिरीवहिनींनी मला फक्त एवढंच विचारलं, की 'भौतिकोपचारशास्त्र' आलं का. मी म्हटलं, बरंचसं आलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही बाहेर आलो आणि स्कूटरपाशी उभे राहिलो. पाव फी कॉलेजची, निम्मी टेंभेकरांची, एवढं झालं होतं. उरलेल्या पावाचं काय, हा प्रश्न होता, आणि मी तो मनातल्या मनात सोडवायला घेतलाही होता. मग थांबलो.

"उरलेल्याचं काय करायचं?" मी म्हणालो. "तुले काय वाटते?"

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग सांगितलं. तेवढ्यापुरतं शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर घ्यायचं. बँकेत ती स्वतः जाऊन बोलून आली होती. कागद कोणते लागतात, हप्ते कधीपासून सुरू होतात, सगळं तिला ठाऊक होतं. माझ्या फंडाला हात लावायचा नाही. हे सगळं ती अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत सांगत होती. माझ्या तोंडाशी 'तू चूप राहा' आलं होतं. ते मी गिळलं. गिळताना जरा अडकलं, पण गेलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

तिनं हात पुढे केला. मला आधी वाटलं फाईल मागते आहे. ती किल्ली मागत होती. मी किल्ली दिली आणि मागच्या सीटवर बसलो, फाईल मांडीवर. नवा रायपूरहून शहराकडे येणारा रस्ता रुंद आणि मोकळा आहे, आणि ती मी चालवतो त्याहून वेगात चालवत होती. मी दोनदा हळू चालव म्हणालो. तिनं मान न वळवता काहीतरी उत्तर दिलं आणि मग घरापर्यंत बोलतच राहिली. अर्धं वाऱ्यानं नेलं. जे ऐकू आलं, त्यातलं बहुतेक माझ्याविरुद्ध होतं. मी मागे बसून सगळं ऐकून घेतलं.